रेनडिअरला थंडी मारत नाही

"उत्तर ध्रुवाकडची थंडी कमी होत असेल, तर तिथल्या जनावरांचे हाल कमीच होतील की!" हे वाक्य मी आता इतक्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे, की गप्प बसणं मला शक्य नाही. बोलणारे निर्दयी नसतात. त्यांना त्या प्राण्यांची खरोखर कणव असते. महिनोन्‌महिन्यांच्या अंधारात पायाने हिम उकरून खाणारा रेनडिअर पडद्यावर पाहिला की त्यांना हुडहुडी भरते, आणि ती स्वतःची हुडहुडी ते त्याच्या अंगावर घालतात. मग हिशेब सोपा होतो. थंडी म्हणजे हाल, ऊब म्हणजे सुख. तापमानवाढीने माणसांचं काहीही होवो, निदान या एका जनावराचं तरी भलं होईल!

दुबळ्या प्रतिपक्षाला हरवल्याचा आरोप नको, म्हणून हे मत त्याच्या सगळ्यांत भक्कम रूपात मांडतो. रेनडिअर हिमयुगातून तरून आलेला प्राणी आहे. तो याही बदलाशी जुळवून घेईल. हिवाळे सौम्य झाले की शरीर गरम ठेवण्यात जाणारी त्याची शक्ती वाचेल. टुंड्रा हिरवा होत चालला आहे, म्हणजे चाराही वाढेल. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार बेटांवर तर त्यांची संख्या वाढलीच आहे. आणि जिथे कळपच्या कळप मरतात तिथे दोष हवामानाचा नसून झेपतील त्याहून जास्त जनावरं पाळणाऱ्या पशुपालकांचा आहे. ऐकायला सगळं समंजस. पण या सगळ्याच्या तळाशी एकच गैरसमज आहे: रेनडिअर थंडी सोसतो, हा. तो सोसत नाही. त्याचं शरीर, त्याचा चारा, त्याची वर्षभराची वाट हे सगळं थंडीच्या भरवशावर उभं आहे.

आधी शरीराचं पाहू. रेनडिअरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आत दाट, मऊ लोकर आणि बाहेर लांब, राठ केस. हे बाहेरचे केस आतून पोकळ आणि हवेने भरलेले असतात. त्यामुळे कातडीलगत न हलणाऱ्या हवेचा एक जाड थर कायम राहतो. नॉर्वेतल्या रेनडिअरवर झालेल्या मोजणीत असं दिसलं, की हिवाळ्यात तापमान उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंत उतरलं तरी त्याला शरीर गरम ठेवण्यासाठी जादा ऊर्जा जाळावी लागत नाही. स्वालबारच्या आखूड पायांच्या, गुबगुबीत रेनडिअरच्या बाबतीत हीच मर्यादा उणे ५० च्या आसपास आहे. उघड्या अंगाच्या माणसाला ही वेळ साधारण २८ अंशांच्या खाली येते. आता सांगा, उणे २५ चा हिवाळा उणे १५ वर आला, तर या जनावराची कोणती शक्ती वाचली? जी खर्चच होत नव्हती ती वाचणार कशी?

त्याचं नाकही पाहण्यासारखं आहे. माणसाच्या नाकाचा शेंडा उघडा असतो, याचा केसांनी झाकलेला. आत गुंडाळ्या-गुंडाळ्यांची नाजूक हाडं आहेत आणि त्यांवर रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असलेलं अस्तर आहे. आत येणारी गोठलेली हवा या अस्तरावरून जाताना गरम होते. फुप्फुसातून परतणारी ऊबदार, दमट हवा तिथेच आपली उष्णता आणि पाणी ठेवून बाहेर पडते. शरीराचं आतलं तापमान ३८-३९ अंश असलं, तरी बाहेर पडणारा श्वास त्याहून कितीतरी थंड असतो. पायांतही तीच योजना. खाली जाणाऱ्या गरम रक्ताच्या वाहिन्या आणि वर येणाऱ्या थंड रक्ताच्या वाहिन्या एकमेकींना चिकटून जातात, उष्णता मधल्या मध्ये परत फिरते, आणि खूर धडापेक्षा पुष्कळ थंड राहतात. पायाच्या खालच्या भागातली चरबी अशा प्रकारची असते, की त्या थंडीतही ती थिजत नाही. उन्हाळ्यात दलदलीवर पसरणारी खुरांखालची मऊ गादी हिवाळ्यात आक्रसते. त्यामुळे खुराची कठीण कड बाहेर येते. तीच हिम उकरते आणि निसरड्यावर रुतते.

डोळ्यांबद्दल तर आपल्याकडे फारसं कुणी लिहीतच नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे ग्लेन जेफरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं, की रेनडिअरच्या डोळ्यातल्या दृष्टिपटलामागचा परावर्तक पडदा उन्हाळ्यात सोनेरी असतो आणि हिवाळ्यात निळा होतो. सततच्या अंधुक उजेडात डोळ्यात शिरलेला प्रकाश आतल्या आत अधिक विखुरतो आणि नजरेची संवेदनशीलता वाढते. त्याआधी, २०११ मध्ये, रेनडिअरना अतिनील किरणांतलंही दिसतं हे कळलं होतं. हिमावरून हे किरण परत फिरतात, पण शैवाकं ते शोषून घेतात, लांडग्याची फरही शोषून घेते. आपल्याला जिथे पांढऱ्यावर पांढरं दिसतं तिथे रेनडिअरला चारा आणि शत्रू काळपट होऊन उठून दिसतात.

एवढं तपशिलात सांगतो आहे, कारण 'बिचारा' हा शब्द इथे किती अस्थानी आहे हे तपशिलाशिवाय पटत नाही. हिवाळ्यात तो थोडं खातो, हालचाल कमी करतो, शरद ऋतूपर्यंत साठवलेली चरबी वापरतो, वजन घटवतो. ही त्याची हिवाळ्याची रीत आहे. मादीलाही शिंगं असण्याचा अर्थ याच रीतीत लागतो. माजाचा हंगाम सरल्यावर मोठ्या नरांची शिंगं गळून पडतात, पण गाभण माद्यांची बहुधा वसंतात वीण होईपर्यंत टिकतात. हिम उकरून केलेला खड्डा, म्हणजे त्यातला चारा, मग त्या मादीच्या ताब्यात राहतो. पोटात पाडस वाढवणारीला हिवाळाभर जेवणाचा पहिला हक्क!

तो चारा म्हणजे मुख्यतः शैवाक. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल हेही शैवाकच. टुंड्रावरची फिकट करडी, झुडपासारखी फुटलेली जात वेगळी एवढंच. त्यात प्रथिनं अगदी कमी, पण पिष्टासारखे पदार्थ भरपूर. फार थोड्या प्राण्यांना ते नीट पचतं आणि रेनडिअर त्यांतला एक आहे. शैवाक वर्षाला काही मिलिमीटर वाढतं. खाऊन, तुडवून किंवा आगीने गेलेला गालिचा परत भरून यायला काही दशकं लागतात. त्याला मुळं नाहीत. जे मिळतं ते हवेतून. १९८६ साली चेर्नोबिलचा किरणोत्सार स्कँडिनेव्हियावर उतरला तेव्हा तो शैवाकांत मुरला, तिथून रेनडिअरच्या मांसात आला, आणि रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांना आपलीच जनावरं कापून टाकून द्यावी लागली. हवेत जे बिघडतं ते या जनावराच्या ताटात थेट येतं, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

आणि आता मूळ मुद्दा. हा चारा आठ-आठ महिने हिमाखाली असतो. कोरड्या, टिकाऊ थंडीत पडलेलं हिम भुसभुशीत राहतं. त्यात हवा खेळते, खालच्या शैवाकाचा वास वरपर्यंत येतो. रेनडिअर नाक खुपसतो, चारा हुंगतो, पुढच्या खुरांनी खड्डा करतो आणि खातो. थंडी त्याच्या कोठाराचं दार उघडं ठेवते. ते बंद कधी होतं? ऐन हिवाळ्यात ऊब आली की. तापमान शून्याच्या वर चढतं, हिमावर पाऊस पडतो, पाणी झिरपत जमिनीपर्यंत पोहोचतं, आणि थंडी परतली की सगळ्याचा कठीण बर्फ होतो. त्यातून वास येत नाही आणि खूरही चालत नाही. चारा तिथेच असतो, काही बोटं खाली, आणि जनावर त्याच्यावर उभं राहून उपाशी मरतं. कधी पूर्ण बर्फ होत नाही. तेव्हा ओल्या हिमाखाली न गोठलेल्या जमिनीवर चाऱ्याला बुरशी धरते. तीही वाईटच.

ही कल्पनेतली भीती नाही. ८ आणि ९ नोव्हेंबर २०१३ ला सायबेरियातल्या यामाल द्वीपकल्पावर हिमावर पाऊस पडला. मग तापमान घसरलं आणि बर्फाची साल पुढच्या वसंतापर्यंत हटली नाही. त्या प्रदेशातल्या सुमारे २,७५,००० रेनडिअरपैकी ६१,००० उपासमारीने मेले. त्याआधी नोव्हेंबर २००६ मधल्या अशाच पावसाने २०,००० च्या आसपास गेले होते. तिथल्या ज्या नेनेत्स पशुपालक कुटुंबांचे कळपच्या कळप संपले ती टुंड्रात अडकून पडली, कारण त्यांचे तंबू आणि घसरगाड्या ओढणारी जनावरंच उरली नव्हती. त्यांनी मासेमारीवर दिवस काढले आणि नव्याने सुरुवात करण्यासाठी दुसऱ्यांकडून माद्या उसन्या आणल्या. ब्रूस फोर्ब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या घटनांचा अभ्यास करून २०१६ मध्ये तो प्रसिद्ध केला. बॅरेंट्‌स आणि कारा समुद्रांवरचं बर्फाचं आच्छादन शरद ऋतूत उशिरापर्यंत येत नाही, उघड्या पाण्यावरून दमट ऊबदार हवा जमिनीवर येते आणि असा पाऊस होतो, ही साखळी त्यांनी मांडली. त्या ६१,००० जनावरांपैकी एकही गारठून मेलं नाही. सगळी ऊब आल्यामुळे मेली. थंडी कमी झाली म्हणून आनंद मानणाऱ्यांनी या आकड्याचं काय करायचं ठरवलं आहे?

महाराष्ट्रातल्या माणसाला तर हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. पाऊस चांगला की वाईट, असं आपला शेतकरी कधी विचारत नाही. तो विचारतो, कधी पडला. द्राक्षं भरली असताना, हरभरा काढणीला आला असताना पडलेला मार्चमधला अवकाळी पाऊस हे वरदान आहे, असं नाशिकच्या किंवा मराठवाड्याच्या एखाद्या गावात जाऊन म्हणून पाहा. टुंड्रावरचा हिवाळ्यातला पाऊस हा त्याच जातीचा आहे.

'जुळवून घेईल' हा दुसरा दिलासा. हिमयुगातून तरला, म्हणून यातूनही तरेल! पण तो तरला कसा, हे कुणी पाहतं का? हिमयुगात रेनडिअर आजच्या फ्रान्सच्या दक्षिणेपर्यंत होते. दोर्दोन्य भागातल्या फाँ-द-गोम गुहेच्या भिंतीवर त्या काळच्या माणसांनी ते रंगवून ठेवले आहेत. आज दोर्दोन्यमध्ये रेनडिअर नाहीत. हवा तापली तशी तिथली शैवाकांची कुरणं गेली, झाडी आली, आणि रेनडिअर उत्तरेकडेच उरले. म्हणजे 'तरला' याचा अर्थ ऊबेत राहायला शिकला असा नाही. थंडी जिथे उरली तिथेच तो टिकला, असा आहे. आता तो उत्तरेकडे कुठे जाणार? युरेशियाच्या किनाऱ्यापलीकडे आर्क्टिक महासागर आहे. शिवाय त्या वेळचे बदल हजारो वर्षांत झाले. आज आर्क्टिक १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापतो आहे. शैवाकाचा गालिचा भरायला जेवढी दशकं लागतात तेवढ्या अवधीत.

या प्राण्यात लवचीकता नाही असं मी म्हणत नाही. स्वालबारमध्ये जमीन बर्फाने बंद झाली की काही रेनडिअर समुद्रकिनारी उतरतात आणि वाहून आलेलं समुद्री शैवाल खातात. हा शोध लागल्यावर 'पाहा, जुळवून घेतलं' अशा आनंदाच्या बातम्या झाल्या. त्याच अभ्यासात हेही आहे, की ते शैवाल खारट असतं, त्याने त्यांना हगवण लागते, आणि ते नेहमीच्या चाऱ्याला जोड म्हणूनच खाल्लं जातं, त्याच्या जागी नाही. उपाशी प्राण्याने मिळेल ते तोंडात घातलं तर त्याला आपण 'जुळवून घेणं' म्हणायचं?

हिरव्या होत चाललेल्या टुंड्राचा युक्तिवाद वरवर अधिक शास्त्रीय वाटतो. उपग्रहांना आर्क्टिक पूर्वीपेक्षा हिरवा दिसतो, हे खरं. पण हिरवं म्हणजे चारा, हे समीकरण कुणी दिलं? त्या हिरवळीत मोठा वाटा वाढत चाललेल्या झुडपांचा आहे. त्यांतली बरीचशी खाणाऱ्याला परतवणारी रसायनं पानांत बाळगतात. त्यांच्या सावलीत शैवाक मागे हटतं, आणि हिवाळ्याचं अन्न शैवाक आहे. उन्हाळ्यात चांगलं गवत मिळतं, हेही खरं, आणि त्याचा काही फायदा होतोही. तरी स्वालबारमध्ये वर्षानुवर्षं वजनं करून काय निघालं? १९९४ मध्ये जन्मलेल्या माद्यांचं प्रौढपणीचं सरासरी वजन ५५ किलो होतं, २०१० मध्ये जन्मलेल्यांचं ४८. उन्हाळा चांगला म्हणून पाडसं जास्त जगली, कळप वाढला, आणि हिवाळ्यात बर्फाने बंद केलेल्या कुरणावर जास्त तोंडं आली. माद्या हडकल्या.

उन्हाळ्याची गोष्ट निघालीच आहे तर तीही पुरी करू. जे शरीर उष्णता बाहेर जाऊ न देण्यासाठी घडलं आहे, ते २५-३० अंशांत काय करणार? तो धापा टाकतो. डास, कातडीखाली वाढणाऱ्या अळ्यांच्या माश्या आणि नाकात अळ्या सोडणाऱ्या माश्या अशा हवेत झुंडीने उठतात. त्यांच्यापासून पळण्यासाठी तो उरलेल्या हिमाच्या तुकड्यांवर दाटीने उभा राहतो. तिथे वारा असतो, चारा नसतो. हिवाळ्यासाठी चरबी साठवण्याचे मोजके आठवडे असे वाया जातात. जुलै २०२५ मध्ये नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडच्या उत्तर भागात आठवडेच्या आठवडे अशी उष्णता होती, आणि सावली शोधणारे रेनडिअर रस्त्यांवर, वस्त्यांत येत होते. यामालमध्ये २०१६ च्या उन्हाळ्यात पारा ३५ अंशांपर्यंत गेला, कायम गोठलेली जमीन खोलवर विरघळली आणि काळपुळीची, म्हणजे अँथ्रॅक्सची साथ आली. दोन हजारांहून जास्त रेनडिअर मेले. एक बारा वर्षांचा मुलगाही गेला. रेनडिअरना काळपुळीची लस टोचणं तिथे २००७ मध्ये बंद केलं होतं, ही प्रशासनाची चूक वेगळी मोजली पाहिजे. पण जमिनीत गाडलेला रोग वर आला तो उष्णतेने.

स्वालबारमधल्या वाढत्या संख्येचा पुरावा? तिथे संख्या वाढली आहे, आज ती बावीस हजारांच्या आसपास आहे. का वाढली, हे मात्र सांगितलं जात नाही. शिकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथले रेनडिअर जवळजवळ संपवले होते. १९२५ मध्ये नॉर्वेने शिकारीवर बंदी घातली आणि तेव्हापासून ते हळूहळू जुन्या जागा परत व्यापत आहेत. ऊबदार उन्हाळ्याचा हातभार मी वर मान्य केला. पण त्याच बेटांवर नी-ओलेसुंडजवळच्या ब्रोगर द्वीपकल्पावर काय घडलं? १९७८ मध्ये तिथे मोजके रेनडिअर आणून सोडले. १९९३ पर्यंत ते सुमारे ३६० झाले. पुढच्याच हिवाळ्यात पाऊस पडून जमिनीवर बर्फ चढला आणि कळप ऐंशीच्या आसपास आला. बरेचसे मेले, काही शेजारच्या भागात निघून गेले. २०१९ च्या उन्हाळ्यात नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेच्या पाहणीत स्वालबारमध्ये दोनशेहून अधिक रेनडिअर उपासमारीने मेलेले सापडले. आधीच्या डिसेंबरात मुसळधार पाऊस झाला होता.

आणि एका द्वीपसमूहावरून सगळ्या आर्क्टिकचा निकाल लावणाऱ्यांनी बाकीचं आर्क्टिकही पाहावं. टुंड्रावरचे रानटी रेनडिअर आणि उत्तर अमेरिकेतले कॅरिबू (ते एकाच जातीचे) दोन दशकांत ४७ लाखांवरून २१ लाखांवर आले, असं २०१८ च्या आर्क्टिक अहवालाने नोंदवलं. कॅनडातला जॉर्ज नदीचा कळप १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आठ लाखांच्या घरात होता. २०१८ मध्ये साडेपाच हजार उरले. बाथर्स्ट कळप १९८६ मध्ये ४,७०,००० होता, २०१८ मध्ये सुमारे ८,२००. कॅरिबूंचे कळप मुळातच काही दशकांच्या अंतराने वाढतात-घटतात, हे आदिवासी शिकाऱ्यांना आणि शास्त्रज्ञांना दोघांनाही माहीत आहे. खाणी, रस्ते आणि शिकार यांचाही वाटा आहे. पण शंभरातले एक-दोन उरेपर्यंतची घसरण हा नेहमीचा चढउतार आहे, असं म्हणायला छाती लागते.

पशुपालकांवरचा आरोप मला सगळ्यांत जास्त झोंबतो. या आरोपासाठी सेंट मॅथ्यू बेटाची कथा पुन्हा पुन्हा सांगितली जाते. बेरिंग समुद्रातल्या या बेटावर १९४४ मध्ये अमेरिकी तटरक्षक दलाने २९ रेनडिअर सोडले. १९६३ पर्यंत ते सहा हजार झाले, सगळं शैवाक खाऊन बसले, आणि त्यानंतरच्या कडक हिवाळ्यात कोसळले. १९६६ मध्ये ४२ उरले. डेव्हिड क्लाइन यांचा हा अभ्यास उत्तमच आहे. पण त्या बेटावर पशुपालक कुठे होते? लांडगेही नव्हते, आणि जायला दुसरं कुरणही नव्हतं. कुणी न राखलेल्या, कुठेही न जाऊ शकणाऱ्या कळपाची गोष्ट सांगून, शतकानुशतकं ऋतूप्रमाणे कुरण बदलत चालणाऱ्या नेनेत्स आणि सामी लोकांना दोषी कसं ठरवता?

बर्फाने कुरण बंद झालं तर पशुपालकांकडे एकच खरा उपाय असतो: कळप हलवायचा, जिथे पाऊस पडला नाही तिथे न्यायचा. त्यासाठी राखीव कुरणं लागतात, मोकळे मार्ग लागतात, वेळेवर गोठणाऱ्या नद्या लागतात. नद्या उशिरा गोठतात, ही हवामानाची देणगी. कुरणं आणि मार्ग कुणी घेतले? यामालमध्ये २०१२ मध्ये बोवानेन्कोवोच्या वायूक्षेत्रातून उत्पादन सुरू झालं. नळ, रेल्वे, रस्ते सगळे कळपांच्या वाटेत. स्वीडनमध्ये किरुनाजवळ दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांचा मोठा साठा असल्याची घोषणा सरकारी खाणकंपनीने जानेवारी २०२३ मध्ये केली तेव्हा युरोपभर आनंद झाला. गाब्ना या सामी समुदायाच्या रेनडिअरची वाट तिथूनच जाते. आणि नॉर्वेतल्या फोसेनमध्ये तर पर्यावरणाच्याच नावाने हे झालं. स्टोरहेया आणि रोआन इथे १५१ पवनचक्क्या सामींच्या हिवाळी कुरणांवर उभ्या राहिल्या. ११ ऑक्टोबर २०२१ ला नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे परवाने अवैध ठरवले, सामींच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग झाला असं म्हटलं. निकालाला पाचशे दिवस झाले तरी चक्क्या फिरतच होत्या, म्हणून २०२३ मध्ये सामी तरुणांना ओस्लोत मंत्रालयात ठाण मांडावं लागलं. पुढे तडजोडीचे करार झाले. पवनचक्क्या आजही तिथेच आहेत. मी पवनऊर्जेच्या विरोधात नाही. पण तापमानवाढीवरचा इलाज तापमानवाढीने आधीच कोंडीत सापडलेल्यांच्या उरलेल्या कुरणावर उभा करायचा, आणि मग जनावरं उपाशी राहिली की 'फार पाळता' म्हणायचं, हा अन्याय आहे.

नॉर्वे सरकारने तर कळप कमी करण्याची सक्तीच केली. योव्सेत आन्ते सारा या तरुण पशुपालकाला आपला कळप ७५ पर्यंत खाली आणायला सांगितलं गेलं. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २०१७ मध्ये हरला. त्याच्या बहिणीने, मारेत आन्ने सारा या कलावतीने, रेनडिअरच्या ४०० कवट्यांचा पडदा ओस्लोच्या संसदेसमोर टांगला. दरवर्षी त्याच सरकारचं तेल आणि वायू जगभर जाळला जातो. जनावरांची संख्या मोजणारे हे जळणारं तेल का मोजत नाहीत?

पेंडीचे गोळे टाकून कळप जगवता येतो, असं शेवटी सुचवलं जातं. २०१९-२० च्या हिवाळ्यात नॉर्वे आणि स्वीडनमध्ये तसं करावंही लागलं. पण उपाशी रेनडिअरचं पोट अचानक बदललेल्या खाद्याने बिघडतं, एका जागी दाटीने उभ्या जनावरांत डोळ्यांचे आणि इतर रोग पसरतात, आणि खर्च लहान कळपवाल्याला पेलत नाही. आणीबाणीचा उपाय म्हणून ठीक. त्याला भविष्य म्हणू नका.

हा विषय आपल्यापासून फार लांबचा आहे असं म्हणायचीही सोय नाही. नी-ओलेसुंडमध्ये २००८ पासून 'हिमाद्री' हे भारताचं संशोधन केंद्र आहे, म्हणजे ज्या द्वीपकल्पावर १९९३-९४ मध्ये तो कळप कोसळला त्याच द्वीपकल्पावर. ते चालवणारं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र गोव्यात, वास्कोला आहे. २०२२ मध्ये भारताने आपलं आर्क्टिक धोरणही जाहीर केलं. त्या धोरणाची चर्चा आपल्याकडे होते तेव्हा नव्या जलमार्गांबद्दल आणि खनिजांबद्दल बोललं जातं. ज्या बर्फाच्या जाण्याने ते जलमार्ग मोकळे होतात, त्याच बर्फाच्या जाण्याने यामालवर पाऊस पडला, हे त्याच चर्चेत, त्याच टेबलावर यायला हवं. कोळसा आणि तेल जाळणाऱ्यांत आपणही आहोत.

म्हणून शिक्षकांना, बातमीदारांना आणि निसर्गावर लिहिणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. रेनडिअरला 'थंडीशी झुंजणारा बिचारा जीव' म्हणणं थांबवा. मुलांना सांगा, की उणे ३० अंश हे त्याचं घर आहे आणि डिसेंबरातला पाऊस त्याचा मृत्यू. तापमान वाढलं तर त्याचं भलं होईल असं कुणी तुमच्यासमोर म्हटलं, तर हसून सोडून देऊ नका. यामालचे ६१,००० रेनडिअर कशाने मेले ते त्याला विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विषय बदलू देऊ नका.